घडीची कार्बाइन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात शस्त्रपरवान्याच्या नूतनीकरणाविषयी लिहिताना, अमेरिकेत पुतण्याकडे गेलो असता हाताळलेल्या एका घडीच्या कार्बाइनचा मी ओघात उल्लेख केला होता. मूळ लेख बाजूला राहिला आणि त्या दोन ओळींवरच मराठवाड्याच्या चारी कोपर्‍यांतून पत्रे आली. सैन्याच्या शस्त्रदुरुस्ती कार्यशाळेत सव्वीस वर्षे काढलेल्या माणसाला हा विषय टाळता येत नाही, आणि काही पत्रे तर अशी आहेत की त्यांना उत्तर न देणे हा अपराध ठरेल. म्हणून या महिन्याचे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे वगळून फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : आपण लिहिलेली घडीची कार्बाइन नेमकी कशी असते? ती इतकी स्वस्त कशी, आणि चालवायला कशी आहे? माझा मुलगा टेक्सास राज्यात एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. त्याच्या मित्राने ती घेतली आहे आणि आता हाही घेतो म्हणतो. आम्हा दोघांना झोप लागत नाही. — एक निवृत्त शिक्षक, उदगीर

उत्तर : गुरुजी, आपली काळजी रास्त आहे, परंतु तिचे कारण आपण समजता त्याहून वेगळे आहे. ते पुढे सांगतो. आधी वस्तू काय आहे ते पाहू.

पिस्तुलाचेच काडतूस झाडणार्‍या, पण लांब नळीच्या आणि खांद्याला लावून चालवायच्या हलक्या बंदुकीला पिस्तूल-कॅलिबर कार्बाइन म्हणतात. मी चालवली ती केल-टेक कंपनीची सब-२००० होती. ही कंपनी फ्लोरिडा राज्यातील कोको या गावची. मूळचे स्वीडनचे शस्त्ररचनाकार जॉर्ज केलग्रेन यांनी ती १९९१ मध्ये स्थापन केली आणि सब-२००० बाजारात आली २००१ मध्ये. रिकामी असताना तिचे वजन दोन किलोच्या आत भरते. उघडल्यावर तिची लांबी साधारण ३० इंच असते आणि घडी घातल्यावर १६ इंच, म्हणजे लॅपटॉपच्या पिशवीत मावेल एवढी. चापाभोवतीचे कडे खाली ओढले की बिजागरीचा खटका सुटतो, नळी वर उचलली जाऊन मागे दस्त्यावर येते आणि नळीच्या टोकावरची नेमाची माशी दस्त्याच्या खाचेत 'खट्' करून अडकते. या अवस्थेत नळी आणि बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता तुकडा) एकमेकांपासून दूर झालेले असल्यामुळे बंदूक झडू शकत नाही. तरीही घडी घालण्याआधी मॅगझीन (काडतुसांची पेटी) काढणे, बोल्ट मागे ओढून काडतुसाचे घर डोळ्यांनी पाहणे आणि मग करंगळीने चाचपणे, हे तीन टप्पे कधीही चुकवायचे नसतात. पुतण्याने पहिल्यांदा घडी घालून दाखवली तेव्हा त्याने फक्त मॅगझीन काढले होते. मी त्याला तिथेच थांबवले आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करायला लावले.

स्वस्ताईचे कारण तिच्या रचनेत आहे. रायफलच्या काडतुसाचा दाब इतका असतो की गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत बोल्ट नळीला घट्ट कुलूपबंद ठेवावा लागतो, आणि ते कुलूप, ते सोडवणारी वायुनलिका किंवा पिस्टन हे सगळे बारीक मापाने कातावे लागते. ९ मिलिमीटरच्या पिस्तुली काडतुसाचा दाब त्या मानाने बराच कमी असतो. त्यामुळे तिथे एक जड बोल्ट आणि एक दणकट स्प्रिंग एवढ्यावर भागते. बोल्ट जड असल्यामुळे तो पुरेसा मागे सरकेपर्यंत गोळी निघून गेलेली असते आणि दाब उतरलेला असतो. याला ब्लोबॅक पद्धत म्हणतात. शिवाय या बंदुकीचा मधला सांगाडा म्हणजे काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे दोन अर्धे भाग स्क्रूंनी जोडलेले असतात. नवे मॅगझीनही घ्यावे लागत नाही, कारण ग्लॉक किंवा बेरेटा पिस्तुलाचे मॅगझीन चालेल अशा आवृत्त्या मिळतात. ज्याच्याकडे ते पिस्तूल आधीच आहे त्याला एकच काडतूस आणि एकच मॅगझीन दोन्हीकडे वापरता येते. म्हणून ही बंदूक तिकडे पाचशे डॉलरच्या आसपास, म्हणजे आपल्या चाळीस-पंचेचाळीस हजार रुपयांत मिळते. आपल्याकडे सरकारी कारखान्याचे साधे .३२ रिव्हॉल्व्हर लाखाच्या घरात जाते, हे लक्षात घेतले की तरुण मुलांना तिचा मोह का पडतो हे कळते.

आता चालवण्याविषयी. काचतंतूची वस्तू म्हणून मी ती जरा नाखुषीनेच हातात घेतली होती. २५ यार्डांवर बसून, कोपरे टेकवून झाडलेल्या दहा गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या, आणि एवढ्या किमतीच्या बंदुकीकडून याहून जास्त मागणे अन्यायाचे होईल. नळी १६ इंचांची असल्यामुळे तेच काडतूस पिस्तुलापेक्षा वेगाने गोळी फेकते. हलक्या, ७ ते ८ ग्रॅम वजनाच्या गोळीचा वेग पिस्तुलातून सेकंदाला साधारण ३५० मीटर असतो, तो इथे ४०० च्या जवळ पोचतो. पण गोळी बोथट आणि तोकडी असल्यामुळे हा वेग फार लांब टिकत नाही. ५० मीटरवर नेम जुळवला तर १०० मीटरवर गोळी वीतभराला थोडी कमी इतकी खाली उतरते, आणि त्यापुढे ही बंदूक वापरण्यात काही अर्थ उरत नाही.

तिचे दोषही सांगायला हवेत. चापाला जवळजवळ चार किलोचा जोर लागतो. चाप हळूहळू दाबण्याची सवय नसलेल्या माणसाचा नेम तिथेच हलतो. बोल्ट आणि स्प्रिंग दस्त्याच्या लोखंडी नळीतून मागेपुढे धावतात, आणि नेम बुटका असल्यामुळे गाल त्याच नळीवर दाबून ठेवावा लागतो. प्रत्येक गोळीला ती नळी गालाच्या हाडावर टकटक करते. वीस-पंचवीस गोळ्यांनंतर माझा गाल लाल झाला होता आणि पुतण्याच्या बायकोने घरी आल्यावर बर्फाची पिशवी आणून दिली. बंदूक हलकी आहे म्हणून धक्काही हलका असेल, असे समजणार्‍यांनी हे ध्यानात ठेवावे. बोल्टचे वजन आणि बंदुकीचे हलकेपण यांमुळे धक्का अपेक्षेपेक्षा तीक्ष्ण बसतो. जुन्या आवृत्त्यांत नळीवर लाल ठिपक्याची दुर्बीण बसवली तर घडी घालताना ती काढावी लागे. अलीकडच्या तिसर्‍या आवृत्तीत पुढची मूठ फिरवून ती अडचण दूर केली आहे. आणखी एक गोष्ट शस्त्रदुरुस्तीवाल्याच्या नजरेतून सांगतो. पुढची माशी नळीवर आणि मागचे भोक सांगाड्यावर, असा हिचा नेम दोन वेगळ्या भागांवर बसलेला आहे, आणि ते दोन भाग एका बिजागरीने जोडलेले आहेत. म्हणजे बिजागरीचा खटका जितका घट्ट तितका नेम खरा. त्यात थोडा जरी खेळ आला तरी गोळी भरकटते. म्हणून उघडल्यावर नळी हाताने हलवून पाहणे आणि खटक्याच्या खाचेत माती किंवा जळक्या दारूची काजळी साचू न देणे, हे रोजच्या देखभालीत यायला हवे.

आता आपल्या काळजीचे खरे कारण. गुरुजी, बंदूक मुलाच्या हाती येण्याआधी कायदा त्याच्या आड येतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर राहणार्‍या परदेशी माणसाला बंदूक विकत घेणे तर सोडाच, हातात बाळगणेही निषिद्ध आहे. एच-१बी, विद्यार्थ्यांचा एफ-१, पर्यटकांचा बी-२ हे सगळे व्हिसा त्यात येतात. ग्रीनकार्डधारकाला ही बंदी लागू नाही. तात्पुरत्या व्हिसावाल्यांसाठी मोजके अपवाद आहेत. त्यांतला नेहमीच्या उपयोगाचा म्हणजे त्या देशातील कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असणे. मी स्वतः यात अडकता अडकता वाचलो. नेमबाजीच्या रेंजच्या काउंटरवर बसलेल्या बाईंनी माझे पारपत्र पाहून विचारले, "आपला शिकार परवाना कुठे आहे?" पुतण्या हसायला लागला, पण त्या बाई हसत नव्हत्या. मी शिकारीला आलोच नव्हतो, तरीही दुसर्‍या दिवशी अनिवासी व्यक्तीला मिळणारा अल्पमुदतीचा परवाना काढला आणि मगच बंदुकीला हात लावला. पुतण्या बारा वर्षे त्या देशात राहतो आणि त्याला हा नियम ठाऊक नव्हता. मित्राची बंदूक रेंजवर "जरा चालवून बघतो" म्हणणार्‍या आपल्या किती मुलांना तो ठाऊक असेल? तिकडे हा गंभीर गुन्हा आहे आणि शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येते. शिकून मिळवलेली नोकरी एका दुपारच्या हौसेपायी जाऊ शकते.

मुलाने रीतसर परवाना काढला, तर पुढची वाट अशी. अधिकृत विक्रेत्याकडे ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि त्यात व्हिसाची स्थिती व अपवादाचे कारण खरे लिहावे लागते. त्यानंतर पार्श्वभूमीची तपासणी होते. रायफलची नळी १६ इंचांहून आणि एकूण लांबी २६ इंचांहून कमी असू नये, हा संघीय दंडक आहे. सब-२००० ची नळी १६ इंचांहून किंचित लांब ठेवली आहे ती त्यामुळेच, आणि ती कापून आखूड करण्याचा विचारही कुणी मनात आणू नये. राज्यागणिक कायदे बदलतात. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी या राज्यांत मॅगझीनमध्ये १० हून अधिक काडतुसांची क्षमता चालत नाही. तेव्हा टेक्सासमध्ये घेतलेली वस्तू गाडीत टाकून दुसर्‍या राज्यात जाणे म्हणजे नव्या कायद्याच्या हद्दीत जाणे असते. मुलाला माझे हे उत्तर वाचायला द्या आणि आधी तिकडच्या वकिलाला विचारायला सांगा. आणि येताना ती सामानात टाकून आणण्याची कल्पना त्याच्या मित्रमंडळीत कुणाची असेल, तर पुढचे उत्तरही वाचायला द्या.

प्रश्न : आम्ही शेतवस्तीवर राहतो. रानडुकरे भुईमूग आणि हरभरा उकरून टाकतात. वडिलांच्या नावावर पीक संरक्षणाची ठासणीची बंदूक होती. वडील दीड वर्षापूर्वी वारले, बंदूक माळ्यावर आहे. ती देऊन आपण लिहिलेली हलकी, घडीची कार्बाइन घेता येईल का? — एक शेतकरी, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : आपण विचारलेल्या प्रश्नाआधी, न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते तातडीचे आहे. परवाना वडिलांच्या नावावर होता. त्यांच्या मृत्यूनंतर ती बंदूक घरात ठेवण्याचा अधिकार कुणालाही आपोआप मिळत नाही. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला शस्त्र अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. हा अंक वाचून झाल्यावर उद्याच पोलीस ठाण्यात जा, वडिलांचा मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला सोबत न्या, बंदूक जमा करा आणि जमा केल्याची पावती घ्या. उशीर का झाला हे खरे ते लेखी सांगा. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसाच्या नावाने परवाना मिळण्याची तरतूद आहे. इतर वारसांचे ना-हरकत पत्र जोडून जिल्हादंडाधिकार्‍यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातच, अर्ज करता येतो. परवाना होईपर्यंत बंदूक ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे राहील. आपल्या भागात ही चूक घरोघर होते. आजोबांची बंदूक म्हणून ती देवघराइतकी जपली जाते, दसर्‍याला तिला हळदकुंकू लागते आणि कागद कुणाच्या नावावर आहे हे कुणी पाहतच नाही.

आता कार्बाइन. ती आपल्या देशात सामान्य नागरिकाला मिळत नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात, सैन्य-पोलिसांचे ९ मिलिमीटरचे काडतूस झाडू शकणारी पिस्तुले, रिव्हॉल्व्हर आणि कार्बाइन निर्बंधित वर्गात घातलेली आहेत. 'कार्बाइन' हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. शिवाय पिस्तुले वगळता अर्धस्वयंचलित, म्हणजे एका दाबाला एकच गोळी झाडून पुढचे काडतूस आपोआप भरणारी शस्त्रेही वरच्याच वर्गात येतात. म्हणजे या वस्तूला दोन कुलपे आहेत आणि दोन्हींची किल्ली जिल्ह्यात नसून केंद्रीय गृहमंत्रालयाकडे आहे. यामागचे तत्त्व जुने आहे. जे काडतूस सरकारी दलांच्या कोठारात असते ते झाडणारे शस्त्र खासगी हातात नसावे, म्हणजे कोठारातून गळती झाली तरी ती बाहेर उपयोगी पडत नाही. आपल्याकडे ९ मिलिमीटरऐवजी .३२ चे पिस्तूल आणि .३०३ ऐवजी .३१५ ची रायफल दुकानात दिसते ती याच तत्त्वामुळे. परदेशातून आणण्याची वाटही सामान्य माणसाला बंद आहे. नामांकित नेमबाजांना खेळासाठी सवलत आहे, ती शेतकर्‍याला किंवा सुटीवर आलेल्या मुलाला नाही.

शेतकर्‍यासाठी मात्र कायद्याने एक वाट मुद्दाम मोकळी ठेवली आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खर्‍याखुर्‍या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर, यांचा वेगळा उल्लेख आहे. पोलिसांचा अहवाल अनुकूल असेल तर या दोन्हींचा परवाना मिळण्याची शक्यता इतर शस्त्रांपेक्षा जास्त असते. अर्ज ए-१ नमुन्यात करायचा, वय २१ पूर्ण हवे, सातबारा आणि पिकाच्या नुकसानीचे पंचनामे जोडा. परवाना आता पाच वर्षांचा असतो. आणि कृपा करून हे समजून घ्या की परवाना बंदुकीचा असतो, डुकराचा नसतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली रानडुक्कर मारायला वनविभागाची वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर हवेत बार काढून हुसकावण्यापलीकडे जाऊ नका, आणि तो बारही वस्ती, रस्ता, शेजार्‍याची माणसे पाहून. डुकराच्या बाबतीत पिस्तुली काडतूस तसेही अपुरेच पडते. जखमी होऊन उलटलेला सुळेवाला डुक्कर काय करतो हे आपल्या तालुक्यात मी सांगायला नको.

प्रश्न : एका एजंटाने मोबाइलवर फोटो पाठवले आहेत. "इंपोर्टेड फोल्डिंग, नऊ एमएम, ऑल इंडिया परवान्यासह, साडेतीन लाख" असे तो म्हणतो. परवाना दुसर्‍या राज्यातून होईल म्हणतो. विश्वास ठेवावा का? — एक व्यावसायिक, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : मुळीच ठेवू नये. त्याला एक रुपयाही देऊ नका आणि त्याचे संदेश पुसूनही टाकू नका, ते पोलिसांना दाखवा.

वर सांगितल्याप्रमाणे ही वस्तू निर्बंधित वर्गातली आहे. असे शस्त्र विनापरवाना बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात आणि कमाल चौदा वर्षे कैद आहे. आपण दुकान चालवता, घरी मुले असतील. सात वर्षे म्हणजे काय ते सांगायला नको. परवान्यासाठी आपण जिथे राहता तिथलेच जिल्हाधिकारी कार्यालय गाठायचे असते आणि पोलीस चौकशी आपल्याच ठाण्यातून होते. चेहरा न पाहता दूरच्या राज्यात परवाना होतो असे सांगणारा माणूस एकतर पैसे घेऊन पळणारा असतो किंवा बनावट कागद देणारा. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या लोकांना दिलेल्या परवान्यांच्या प्रकरणात सीबीआयची चौकशी झाली, ती अशाच कागदांवरून. आज प्रत्येक खर्‍या परवान्याला राष्ट्रीय नोंदीतला एक विशिष्ट ओळख क्रमांक असतो. तो नसेल तर कागद कितीही शिक्क्यांचा असो, त्याची किंमत नाही.

आपल्या जिल्ह्याविषयी एक गोष्ट मनापासून लिहितो. २०२५ च्या सुरुवातीला बीड जिल्हा प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. कमरेला पिस्तूल लावून काढलेले फोटो आणि हवेत गोळीबाराच्या चित्रफिती आपण सर्वांनीच पाहिल्या होत्या. लग्नात, मिरवणुकीत, मंगल कार्यालयाच्या दारात निष्काळजीपणे बार काढणे हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि मांडवात लेकरे असतात. आपल्याला जिवाची खरी भीती असेल, कुणी धमकावले असेल, तर तशी लेखी तक्रार ठाण्यात द्या आणि रीतसर अर्ज करा. त्या तक्रारीची पोच पुढे परवान्याच्या चौकशीतही उपयोगी पडते.

प्रश्न : पोलिसांकडे असलेली कार्बाइन आणि ही घडीची कार्बाइन एकच का? — एक वाचक, धाराशिव

उत्तर : काडतूस एक, यंत्र वेगळे. आपल्या दलांत अनेक वर्षे वापरली गेलेली ९ मिलिमीटरची कार्बाइन हे मूळ ब्रिटिश स्टर्लिंगचे कानपूरला बनलेले रूप आहे. तिचा दस्ता खाली दुमडतो, मॅगझीन डाव्या बाजूला आडवे बसते, आणि मुख्य म्हणजे ती चाप दाबून धरला की झडत राहते. सब-२००० मध्ये एका दाबाला एकच गोळी सुटते. या नव्या पिढीत आपल्याकडेही काम झाले आहे. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने महूच्या पायदळ प्रशालेबरोबर विकसित केलेले ९ मिलिमीटरचे 'अस्मी' हे शस्त्र २०२१ मध्ये जगासमोर आले आणि नंतर सैन्यानेही ते घेतले. पुण्यात आखलेल्या शस्त्राचे नाव अस्मिता या शब्दाशी नाते सांगते, याचा मला एक जुना कारागीर म्हणून आनंद वाटतो. तेही नागरिकांसाठी नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात दुसर्‍या वर्षाला आहे. एनसीसीच्या शिबिरात .२२ रायफल चालवली आणि माझा नेम चांगला आला. इंटरनेटवर परदेशी मुली कार्बाइन चालवताना पाहते तेव्हा वाटते की आपल्याला हे कधीच मिळणार नाही. घरची परिस्थिती बेताची आहे. मी कुठून सुरुवात करू? — एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : ताई, सगळ्या पत्रांत आपले पत्र मी सर्वांत शेवटी ठेवले, कारण याचे उत्तर देताना मला घाई नको होती.

आपल्याला जे हवे आहे ते मिळण्यासाठी कार्बाइन लागत नाही. २५ यार्डांवर गोळ्यांचा तळहाताएवढा गट मला पुरेसा वाटला असे मी वर लिहिले आहे. आपण ज्या खेळाकडे वळू शकता त्या १० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचे वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचे असते, म्हणजे पेनाने टेकवलेल्या ठिपक्याएवढे. २०१८ पासून महिलांनाही पुरुषांप्रमाणेच ६० छर्‍यांची फेरी असते. साठ वेळा श्वास आवरून तो ठिपका गाठणे जिला साधते तिच्या हातात पुढे कोणतीही बंदूक द्या, ती चालवेल. उलट कार्बाइनवर शिकलेला माणूस एअर रायफलवर येतो तेव्हा त्याचे सगळे दोष उघडे पडतात. माझेही पडले होते.

कायद्याची अडचणही इथे कमी आहे. ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. भारतीय बनावटीची, सरावाला पुरेशी रायफल दहा हजारांच्या आसपास मिळते. स्पर्धेची रायफल लाखांत जाते, पण ती पहिल्या दिवशी घ्यायची नसते. क्लबची वापरायची असते. आधी आपल्या एनसीसी अधिकार्‍यांना भेटा. एनसीसीत नेमबाजीची स्वतंत्र निवड होते आणि तिथे रायफल, गोळ्या, प्रशिक्षक यांपैकी कशाचाही खर्च आपल्यावर पडत नाही. मग जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात नांदेडमधल्या आणि छत्रपती संभाजीनगरच्या रेंजची चौकशी करा. राज्य स्पर्धा, मग अखिल भारतीय जी. व्ही. मावळणकर स्पर्धा आणि मग राष्ट्रीय स्पर्धा, अशी ही शिडी आहे. आपल्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष असलेल्या मावळणकरांनीच १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली होती, म्हणून त्या स्पर्धेला त्यांचे नाव आहे. .२२ च्या खेळाकडे वळायचे झाले तर २१ वर्षांखालील खेळाडूंसाठी नियमांत वेगळी सोय आहे. तेव्हा वय आड येत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) कांस्यपदक जिंकले, ते आपण पाहिले असेल. त्यांची सुरुवात राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून झाली. त्याच जिल्ह्याच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनच्या, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकाराच्या, विश्वविजेत्या झाल्या. मराठवाड्याकडे अजून असे नाव नाही. गोदावरीच्या या काठावर डोळे आणि हात कमी नाहीत, रेंज कमी आहेत, आणि त्यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींना मी या सदरातून पुन्हा पुन्हा लिहीत राहणार आहे.

रायफल मिळेपर्यंतचा महिना वाया घालवू नका. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक ठिपका काढा. दोन किलो वजनाची काठी किंवा वाळू भरलेली प्लॅस्टिकची नळी खांद्याला लावून, पाय खांद्याइतके रुंद ठेवून, ठिपक्याकडे पाहत एक मिनिट उभ्या राहा, मग दोन मिनिटे विसावा घ्या. असे रोज पंधरा वेळा करा. पहिल्या आठवड्यात डावा हात थरथरेल, तिसर्‍यात थांबेल. रायफल आल्यावर गच्चीवर किंवा अंगणात कधीही झाडू नका. ज्यामागे पक्की भिंत आहे आणि जिथे दुसरे कुणी येऊ शकत नाही अशाच जागी झाडा, डोळ्यांवर चष्मा लावून. छर्रा टणक वस्तूवर आपटून उलटा येतो. आणि पहिल्या शंभर छर्‍यांचे कागदी लक्ष्य तारीख घालून मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. गट डावीकडे पडतो की खाली, यावरून आपले बोट चापावर कसे बसते ते मला सांगता येईल, आणि ते मी आपल्याला पत्राने कळवीन.